चारनंतरचं पाणी

फिनेलचा वास आला की मुरबाड रस्त्यावरचा तो वृद्धाश्रम आठवतो. ज्या आत्याने मोळ्या विकून मला पदवीपर्यंत शिकवलं, तिची एक बाजू लुळी पडली होती आणि नोकरीमुळे मी दिवसभर घरी नसायचे. तिला बाहेर रिक्षातच बसवून मी आधी आत पाहायला गेले. व्यवस्थापक बाईंनी सगळं दाखवलं. फरशी चकचकीत होती, चादरी पांढऱ्या होत्या, औषधांची वही रोजच्या रोज भरलेली होती. मी शिकलेली, म्हणून एकेक गोष्ट कागदावर टिपून घेतली आणि मनातल्या मनात होकारही देऊन टाकला. निघताना खिडकीजवळच्या एका आजींचे ओठ सुकलेले दिसले, म्हणून उशाजवळचा भरलेला पेला मी पुढे केला. "नको गो बाय, चार वाजून गेले," त्या हळूच म्हणाल्या, "आता पानी पियालं त राती उठाया लागंल, आन हाक मारली त ओरडतात." मी खोलीभर पाहिलं. प्रत्येक खाटेजवळचा पेला काठोकाठ भरलेला होता. "आमच्या आजी शहाण्या हां, कुणाला त्रास देत नाहीत," दारातून बाई हसत म्हणाल्या, तशा आजींनी डोळे मिटून घेतले. मी पेला परत उशाजवळ ठेवला. बाहेर येऊन आत्याला म्हटलं, "जागा नाय गो." "बरा झाला," ती म्हणाली, "मना तुझीच कटकट बरी." आत्या अजून माझ्याजवळच आहे. पण त्या आजींसाठी मी कुठे तक्रार केली नाही. राग त्यांच्यावरच निघेल, असं स्वतःला समजावलं. त्या बाईंना मीही घाबरले होते.