निवत चाललेल्या शेवया

तेलगावच्या घाण्यावर तिळाच्या तेलाचा वास आला, की मी कामाला होतो त्या कोरियातल्या कारखान्याजवळची खानावळ आठवते. पहिल्या दिवशी साहेबांनी मटणाच्या रश्श्यातल्या शेवया सांगितल्या. सहाही सोबती म्हणाले, “तेच.” एवढी माणसं अन् एकच जीभ? मी एकट्यानं भाजी-भात मागितला. त्यांच्या शेवया आल्या, फुगल्या, निवल्या, तरी चमचा कुणी उचलेना. हे काहून थांबलेत? मला धडा शिकवायलेत, दुसरं काय! माझा भात आला, तेव्हा साहेब जेवायला लागले, मग बाकीचे. दुसऱ्या दिवशी साहेबांनीच भाजी-भात सांगितला. सहाही जण म्हणाले, “तेच.” मला त्यातही टोमणाच दिसला. सगळ्यांची ताटं आल्याबिगर मोठा माणूस घास घेत न्हाई, अन् त्याच्याआधी दुसरं कुणी, ही तिथली रीत मला लई उशिरा कळली. परवा इथल्या हॉटेलात आमच्या पुढाऱ्यानं सगळ्यांना विचारलं, “चहाच ना?” मला कॉफी पाहिजे होती. “चहाच,” म्हणलो, अन् पुढाऱ्यानं कप उचलेपर्यंत माझ्या कपाला हात लावला न्हाई.