त्सफातच्या गल्लीत

कुंपणाजवळची रोझमेरी छाटली की तिच्या वासाने इस्राएलच्या उत्तरेतली ती डोंगरवाट आठवते. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, राहायला सिडनीत. लेकीच्या ज्यू शाळेची सहल होती आणि पालक म्हणून मीही गेले होते. मेरोन गावी ज्यू संतांच्या कबरींवर प्रार्थना करून, दरी उतरून, पुन्हा चढून आम्ही दमलेभागलेले त्सफात या डोंगरावरच्या जुन्या गावी पोचलो, आणि तिथल्या निळ्या दारांच्या गल्ल्यांत माझी लेक दिसेनाशी झाली. फोन लागेना. "नो वरीज, सापडेल," शिक्षिका म्हणाल्या, पण मी तोवर शोधायला निघालेही होते. हाका मारत फिरताना एका सिनेगॉगमागच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरामागच्या, अंगणातून चक्क मराठी ऐकू आलं, "खा गं, एवढं चालून आलीस." आत एक म्हातारी, आमच्यासारखीच बेने इस्राएल, माझ्या लेकीला करंजी देत होती. मी रागावणार, तेवढ्यात घरी इंग्रजीतच उत्तर देणारी माझी लेक म्हणाली, "मम्मी, या आजी मांजराला मराठीत ओरडत होत्या, म्हणून मी थांबले!" मी पायरीवर बसले आणि रडता रडता हसत सुटले. आता लेक ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तर टोकाला, डार्विनला हॉस्पिटलात नोकरी करते. तिने फोन उचलला नाही की आजही जीव वरखाली होतो, पण तिथेही तिला कुणीतरी आग्रहाने खाऊ घालत असेल, असं वाटून निवतो.