विसाव्यापर्यंतची वाट

आई सकाळी गेली. दुपारी मला बहिणीला आणायला पाठवलं.

वडील आधीच वारले होते, त्यामुळे घरातलं सगळं मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, ठरवत. अग्नी माझा मोठा भाऊ देणार होता, त्याला आईजवळून उठता येत नव्हतं. मी धाकटा, नागपूरच्या कॉलेजातून सुटीला आलेला, मोकळा होतो. बहिणीचं सासर खाप्याच्या बाजूला. एसटी सावनेरहून वळसा घेऊन जायची आणि पोचेपर्यंत संध्याकाळ करायची. शेतांतली पायवाट तेवढी जवळची होती.

मोठेबाबांनी मला गोठ्यापाशी नेलं.

"पुसाचा दिवस हाय, लवकर कलते. सूर्य नाल्यावरच्या चिंचेले टेकला का आम्ही उचलतो. मंग थांबता येत नाही." थोडं थांबून म्हणाले, "आन् पोरीले वाटेत सांगू नको. तब्येत जास्त हाय म्हण. रस्त्यात पडली तं तू एकटा काय करशीन?"

ही आमच्याकडची रीतच होती. माहेरचं मरण लेकीला वाटेत सांगत नसत. लहानपणी मी अशा बाया येताना पाहिल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत आजाऱ्यासाठी काही बांधून आणलेलं, आणि गल्लीच्या वळणावर घरातलं रडणं ऐकू आलं की त्या तिथेच खाली बसत. मला ते पाहवत नसे. पण त्या दिवशी मी मान हलवली आणि निघालो.

जाताना वाट कोरडी होती. आधी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं, मग तूर, मग संत्र्याच्या बागेचं काटेरी कुंपण, त्याच्या कडेने एका माणसापुरती पाऊलवाट, पुढे गव्हाची शेतं, थोडा हरभरा आणि बहिणीचं गाव. मी जवळजवळ पळतच गेलो.

बहिणीची सासू ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने पाण्याचा गडवा पुढे केला. मी नको म्हटलं. मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरचं पाणी घेत नाही. म्हातारीने गडवा खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत हाक मारली.

"जाय वं माहेरी. तुया भाऊ आला. आईले बरं नाई म्हनते."

बहीण, तिला मी बाई म्हणायचो, हात पुसत बाहेर आली. "एवढा दम काहून लागला तुले? आईनं धाडलं का मोठेबाबानं?"

"मोठेबाबांनी."

"म्हणजे आई रागावली असन. तिले डॉक्टर नको, औषध नको." ती लुगडं बदलायला आत वळली, तर सासू म्हणाली, "तेच राहू दे. चाल, निंघ."

बाई हसली. "आज आत्याबाई मले घरातून लोटून राहिल्या."

वाटेला लागलो. मी पुढे, ती मागे. ती बोलत होती आणि मी सूर्याकडे पाहत होतो.

"तुयं तोंड शिवलं का गा? एवढे पुस्तकं वाचतं, आन् दोन शब्द निंघत नाई."

"चाल ना वं बाई, उशीर होते."

"कशाचा उशीर? आई काही पळून जाते का?"

मी पावलं वाढवली. पुढच्या वावरात हरभरा कोवळा होता. मागचा आवाज बंद झाला म्हणून वळून पाहिलं, तर ती खाली बसून शेंडे खुडत होती आणि पदरात टाकत होती.

"आईच्या तोंडाले चव नसन. याचा कच्चाच घोळाणा करून देतो तिले. कांदा घातला का खाते ती."

"राहू दे. घरी आहे भाजी."

"घरची शिळी झाली असन."

सूर्य चिंचेपासून अजून वर होता, पण फार नव्हे. घरी अंगणात आता काय चाललं असेल ते मला दिसत होतं. बांबू आणले असतील. पाणी तापलं असेल. बाई एकेक शेंडा निवडून घेत होती, कीड लागलेला टाकून देत होती. मोठेबाबांनी घातलेली अट आणि मोठेबाबांनीच ठरवलेली वेळ, दोन्ही एकदम पाळता येत नव्हत्या. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आत्तापर्यंत आलं नव्हतं.

कशीबशी ती उठली. गव्हाच्या शेतांपाशी आलो, तर मी गेल्यावर कोणीतरी पाणी सोडलं होतं. पायवाट पाण्याखाली गेली होती. काळी माती, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जाणारी. बाईने पाहिलं आणि डावीकडे बोट केलं.

"धुऱ्यानं जाऊ. लुगडं भरते."

धुऱ्याने म्हणजे सगळ्या बांधांवरून वळसा. तेवढ्यात सूर्य चिंचेच्या मागे गेला असता. मी तिथेच उभा राहिलो. ती चार पावलं पुढे जाऊन थांबली.

"आता काय झालं?"

"बाई, आई सकाळी गेली. ते उचलून राहिले असतील."

ती पडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे. पदर सुटला आणि हरभऱ्याचे शेंडे पाण्यात पडले. तिने लुगडं गुडघ्यावर खोचलं आणि सरळ चिखलात उतरली. मी मागे राहिलो. माझी एक चप्पल मातीत अडकली, ती तशीच सोडून दिली. बागेच्या कुंपणाशी तिच्या हाताला काटे लागले. ती थांबली नाही. रडलीही नाही. फक्त तिचा श्वास मोठ्याने ऐकू येत होता.

तुरीतून बाहेर पडताना टाळ ऐकू आले.

आमच्या गावाच्या आणि मसणवाटेच्या मध्ये एक ओटा आहे. तिथे तिरडी टेकवतात, खांदे बदलतात, मग पुढे नेतात. त्याला विसावा म्हणतात. बाया तिथून परत फिरतात. आमची पायवाट त्या ओट्यापाशीच निघते. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी खाली ठेवलेली होती आणि माणसं उचलायला वाकली होती.

बाई सरळ डोक्याकडे जाऊन बसली. तोंडावरून कापड घेतलेलं, वरून सुतळीचे वेढे. तिने गाठीला हात घातला.

कोणीतरी म्हणालं, "बांधलेलं सोडत नाई वं माय."

दुसरा म्हणाला, "सूर्य पाहा. चला, उचला."

बाईने हात काढला नाही. भाऊ मडकं धरून उभा होता, त्याने खाली पाहिलं. सगळे मोठेबाबांकडे पाहू लागले. मोठेबाबांनी बाईकडे पाहिलं, तिच्या गुडघ्यांपर्यंत आलेल्या चिखलाकडे, मग माझ्याकडे. मी सांगितलं हे त्यांना कळलं.

"सोडा दोरी," ते म्हणाले. "आपली रीत आपण पाहून घेऊ."

एकाने गाठ सोडली, कापड बाजूला केलं. बाईने आईचं तोंड पाहिलं. कपाळावर हात ठेवला. मग तिनेच कापड परत नीट केलं आणि उठून बाजूला झाली. पुन्हा बांधलं, उचललं. मी खांदा द्यायला गेलो. वळून पाहिलं तेव्हा ती एका काकूबरोबर गावाकडे चालली होती.

त्या दिवसाबद्दल आम्ही पुढे कधी बोललो नाही. मोठेबाबांनीही मला विचारलं नाही. त्यांच्यानंतर भाऊ गेला, आणि यंदाच्या पावसाळ्यात बाई गेली. तिच्या सूनबाईचा फोन आला. तिने आधी "आत्या सिरियस आहेत" म्हटलं आणि मग लगेच खरं सांगितलं. मी मोटारीने गेलो. बाईचं तोंड मला पाहायला मिळालं.

त्या शेतांतून आता डांबरी रस्ता जातो. तुरीपासून ओट्यापर्यंतचा पायवाटेचा तुकडा अजून आहे. तिथून ढोरं जातात, आणि कधी गावी गेलो तर मी.