लपून जेवणारं घर

मंडळी, आज घरी येऊन आधी हे लिहायला बसलेय, कारण आनंद पोटात मावत नाहीये.

मलकपेठच्या थेरपी सेंटरमध्ये मी लेकरांना खायला-गिळायला शिकवते. तिथे तीन वर्षांची सानवी येते. जन्मापासून तिचं दूध नाकातल्या नळीने जातं. तिला गिळता येतं, तपासण्याही ठीक आहेत, पण चमचा दिसला की ती तोंड घट्ट मिटते. तीन आठवड्यांची रोजची थेरपी उद्या संपणार होती. तोवर ती खायला लागली नाही, तर ऑपरेशन करून पोटात नळी बसवायचं ठरलं होतं.

आज दुपारी तिच्या आईला मी सहज विचारलं, "अक्का, घर में तुम लोगां खाते कब?"

"ये सोने के बाद, मॅडम. इसके सामने कैसा खाना? दिल नै मानता."

या लेकराने घरात कुणाला जेवताना पाहिलंच नव्हतं! आणि मी, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे पहिल्याच दिवशी विचारायला विसरले होते.

"डब्बा खोलो अक्का, मिलके खाते. उसकी तरफ देखना नक्को."

आम्ही दोघी डाळभात जेवू लागलो. थोड्या वेळाने सानवीने आईच्या डब्यात बोट बुडवलं आणि चाटलं. मग पुन्हा बुडवलं. अक्का रडत होत्या, पण मी डोळे वटारल्यामुळे मुकाट जेवत राहिल्या.

नळी अजून आहे. पण संध्याकाळी डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि थेरपी वाढवली.

"लेकरांना भरवायला डिग्री कशाला लागते गं?" असं माझी आई नेहमी विचारते. आज फोनवर सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "अन् तू जेवलीस का?"

तुमच्या घरातही कुणी मायेपोटी असं लपून जेवतं का?