सलीमभाईची चार चाकांची फटफटी

नवीन वस्तू दुकानातून घेतली की हातात पावती येते. जुनी शोधायला निघालं की किस्से येतात. आम्ही गणपती उठल्यावर एक जुनी एटीव्ही शोधायला निघालो आणि होळीपर्यंत शोधतच होतो, तेव्हा किती साठले असतील बघा. परवा दुकानात एकाला सहज एक सांगितला, तर तो खोकल्याचं औषध घ्यायचं विसरून दुसरा ऐकायला स्टूल ओढून बसला.

आधी आमची गँग सांगतो. गँग म्हणजे तिघंच. मी गारखेड्यात मेडिकल चालवतो. माझ्या समोर सलीमभाई गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. तिसरा दत्तू, देवगाव रंगारीकडचा, शेती आणि मेंढरंवाला. तो एकदा फटफटीची सीट शिवायला आला आणि चहाला बसला, तो अजून बसलेलाच आहे.

दर रविवारी तिघांनी आपापल्या जुन्या मोटरसायकली काढायच्या आणि कुठल्यातरी टेकडीची वाट धरायची. वाटा शोधायचं काम सलीमभाईचं. वर पोचलं की इंजिनं बंद, थर्मासमधला चहा, आणि त्याने घालून दिलेला एकच नियम: "जो आखरी आया, वो कप धोया." वाटेत दगड बघ, पाखरू बघ, असं करत बहुतेक वेळा शेवटी तोच यायचा. बडबड करत कप धुवायचा.

मग एका टेम्पोने त्याला रिंग रोडवर उडवलं. जीव वाचला, पायात रॉड आला, गुडघा पुरता वाकेना. मोटरसायकल बंद झाली. पायात जरा बळ आल्यावर एका रविवारी आम्ही त्याला जीपने टेकडीच्या पायथ्याशी नेलं. वरचा चढ तो काठी टेकत चढला. तो पोचेपर्यंत आमचा चहा झाला होता, कपही धुऊन झाले होते. त्याचा चहा झाकून ठेवला होता. तो प्यायला, आणि दत्तूने त्याच्या हातातून कप घेऊन तोही धुऊन टाकला.

पुढच्या रविवारी म्हणाला, दुकानात काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. मग त्याने मोटरसायकल विकून टाकली. आम्ही दोघं एकदा त्याच्याशिवाय गेलो, अर्ध्या वाटेतून परत आलो. तो परत टेकडीवर आला नाही तर आमची गँग संपली, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

तेव्हा दत्तूने एटीव्हीचं नाव काढलं. "चार चाकाची फटफटी हाय. क्लच नाय, पाय टेकायचं काम नाय. अंगठ्यानं रेस द्यायची अन् बसून ऱ्हायचं." रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, टेकडीपर्यंत पिकअपमध्ये घालून न्यावी लागते, हे मी सांगितलं. दत्तू म्हणाला, "मेंढरंबी तशीच नेतो की."

पोरं मैदानात फिरवतात ती खेळण्यातली नको होती. शेतात राबणारी, पुढे-मागे सामानाचा रॅक असलेली, चढाला लो गियर असलेली हवी होती. नवी झेपणारी नव्हती, म्हणून जुनी. सलीमभाई म्हणाला, "मेरेकू नक्को. तुमको देखना है तो देखो, मैं बस चाय पीने आता."

आणि प्रत्येक वेळी आला.

*

पहिली मशीन बीड बायपासकडच्या एका लॉनवर होती. नवरदेवाची एन्ट्री तिच्यावरून व्हायची. रंग चकचकीत, हँडलला परवाच्या लग्नातली झेंडूची माळ तशीच. मॅनेजर म्हणाला, "साहेब, कधी जोरात पळवलेलीच नाही."

हे खरंच होतं. बिचारी जन्मभर बँडच्या मागून चालली होती. पहिल्या पन्नास पावलांत इंजिन तापून वास यायला लागला.

सलीमभाईने सीटवर हात फिरवला आणि विचारलं, "रिव्हर्स लगता क्या?" हा प्रश्न त्याने पुढे प्रत्येक ठिकाणी विचारला, तोही सगळ्यात आधी. मी एकदा म्हणालो, आधी पुढं जाते का ते तर विचार. म्हणाला, "जाने का अल्ला मालिक. वापस तो खुद आना पडता."

रिव्हर्स पडला नाही म्हणून त्याने हॉर्न दाबून बघितला. हॉर्नमधून सनई वाजली. ती ऐकताच वॉचमनने सवयीने मोठं गेट उघडलं आणि आतून दोन पोरी गुलाबाच्या पाकळ्यांची ताटं घेऊन धावत आल्या. दत्तू पुढे उभा होता, सगळ्या पाकळ्या त्याच्यावर पडल्या.

पाकळ्या झटकत दत्तू मागे गेला. मागचा रॅक वाकून चाकाला टेकला होता. "ह्याच्यावर किती वऱ्हाडी नाचले?"

मॅनेजर म्हणाला, "उतरवताना मोजले नाहीत."

*

दुसरी म्हैसमाळच्या वाटेवरच्या एका पार्कात. जुनी गाडी घेताना इंजिन थंड असताना सुरू होते का ते बघायचं असतं. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. म्हणून मी फोनवर बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत हात लावू नका.

पोचलो. मालक म्हणाला, "तुमच्यासाठी सकाळपासून झाकून ठेवलीय." ताडपत्री काढली. सलीमभाईने इंजिनला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"सुबह से बंद है?"

"एकदम बंद."

सलीमभाई माझ्याकडे वळला. "तू मेडिकलवाला है ना? इसकू बुखार है. गोली दे."

मालक हसला नाही, पण ताडपत्री परत घातली.

*

तिसरी पाचोडला. भानुदासआबा म्हणून मोसंबीचे बागायतदार. औषधाची टाकी ओढायला त्यांनी ती घेतली होती, आता मुलाने छोटा ट्रॅक्टर आणला होता. ही मात्र मशीन होती. थंड इंजिन एका दमात सुरू झालं. ऑइल स्वच्छ. चाकं धरून हलवली तर कुठं खडखड नाही. रिव्हर्स पडला. सलीमभाई पहिल्यांदाच वर बसला आणि बागेच्या कडेने एक चक्कर मारून आला. उतरायला मात्र त्याने वेळ लावला. माझा तर जीव भांड्यात पडला.

घोळ केला दत्तूने. पाचोडच्या बाजारात तो लहानपणापासून मेंढरं घेत-विकत आलेला. तिथली रीत अशी की मालकासमोर जनावराला चांगलं म्हणायचं नाही. आवडलं असेल तर जास्तच नावं ठेवायची. दत्तूला ही मशीन फार आवडली होती.

"लई थकलीय," त्याने सुरुवात केली. "पुढून बसकी दिसतीय. आवाज घोगरा. चाकं फेंगडी. उभी ऱ्हाती हेच लई झालं."

आबा शांतपणे ऐकत होते. दत्तूला वाटलं, आता सौद्यावर येतील. आबांनी किल्ली काढून खिशात घातली.

"इतकी वाईट हाय व्हय? मला ठाऊकच नव्हतं. आन् ह्यांचा पाय असा. अशी मशीन दिऊन माणसाचं काय बरंवाईट झालं तर? नाय देत मी."

आम्ही परोपरीने सांगितलं. दत्तू तर काकुळतीला आला. आबा म्हणाले, "तुमीच म्हणला ना? जानकार मानूस तुमी." वर मोसंबीची पिशवी देऊन वाटेला लावलं.

 गारखेड्यात उतरताना सलीमभाई एवढंच म्हणाला, "छोड दो अब. बहुत हुआ." मला त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

*

दोन दिवसांनी शबानाभाभी, सलीमभाईची बायको, दुकानात आल्या. सलीमभाईच्या गुडघ्याचं मलम न्यायला येतात, पण त्या दिवशी मलम मागितलंच नाही.

"भैया, मशीन का क्या हुआ?"

मी पाचोडचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मुझे तो डर लगता. पहाड पे फिर गिरे तो? पर घर में इनका क्या चालू है, पता है? हर कप खुद धोते. मैं धोऊँ तो चिढते. मेहमान के हाथ से छीन लेते." मग म्हणाल्या, "मशीन ले लो. पर पहले मैं देखूँगी."

*

दत्तू एकटा पाचोडला गेला. आबांनी चहा पाजला आणि अट घातली: ज्या तोंडाने नावं ठेवली त्याच तोंडाने चारचौघांत चांगलं म्हण, मग देतो.

दत्तूने जन्मात कुणाच्या जनावराला त्याच्यासमोर चांगलं म्हटलं नव्हतं. आबांनी शेजारपाजारचे बोलावले. सगळे गोठ्याजवळ गोळा झाले. दत्तू मशीनभोवती एकदा फिरला. परत फिरला. टोपी काढली, घाम पुसला.

शेवटी म्हणाला, "रंग बरा हाय."

आबा म्हणाले, "पोटातून बोलला. घिऊन जा."

*

पिकअप थेट दत्तूच्या शेतावर नेली. शेतामागेच त्याची मेंढरं चरतात ती टेकडी. मी, सलीमभाई आणि भाभी कारने गेलो. सलीमभाईने सीटला नवं कव्हर शिवून आणलं होतं आणि एक थैली पुढच्या रॅकला बांधली. पाने-स्क्रूड्रायव्हर असतील असं आम्हाला वाटलं.

भाभींनी मशीन सगळ्या बाजूंनी बघितली. अट ठरली: पहिल्या वळणापर्यंत जायचं, तिथून फिरायचं, परत यायचं. सलीमभाई मान हलवून बसला. ताठ पाय पायरीवर नीट मावला. लो गियर टाकला आणि निघाला.

पहिलं वळण आलं. तो फिरला नाही. बाभळींच्या आड दिसेनासा झाला. इंजिनाचा आवाज मात्र येत होता, वर वर जात होता. भाभींनी माझी बाही घट्ट धरली.

आणि आवाज एकदम बंद झाला.

आम्ही वाट बघितली. आवाज परत सुरू होईना. त्याचा फोन भाभींच्या पर्समध्ये. दत्तू म्हणाला, "उलटली नसंल," आणि त्याचाच चेहरा उतरला. भाभींनी चपला काढून हातात घेतल्या आणि पळत सुटल्या. मागे दत्तू, त्याच्या मागे मी. वाटेत मला मनातल्या मनात सगळं दिसत होतं, मशीन उलटी आणि माणूस तिच्याखाली. दोनदा ठेचकाळलो. वर पोचलो तेव्हा श्वास पुरेना आणि समोर बघायचीही हिंमत होत नव्हती.

मशीन सपाटीवर सरळ उभी होती. सलीमभाई सीटवर बसून समोरचं खोरं बघत होता. थैली उघडी होती. थर्मास बाहेर, आणि रॅकवर ओळीने कप मांडलेले. भाभी त्याच्या शेजारी दगडावर बसून हुंदके देत होत्या आणि चहा पीत होत्या.

"इंजिन बंद पडलं?" मी कसाबसा विचारलं.

"मैंने बंद किया. ऊपर आके इंजिन बंद करते ना?"

त्याने मला चहा दिला.  आमचा चहा संपला तसे त्याने सगळ्यांचे कप गोळा केले, एकात एक घातले, भाभींकडे बघितलं, दत्तूकडे बघितलं, आणि ती चळत माझ्यापुढे धरली.

"घासके धो," तो म्हणाला. "उस दिन मेरा कप बराबर नहीं धोया था तुम लोगों ने."