झिजलेलं पान

मुलांनो, तुमच्या फोटोंच्या प्रती काढायला मी राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले होते. तिथे एक वयस्कर सोनार कॅमेरा निवडत होते. ते गळ्यातले जुने साज दुरुस्त करतात. साजात ओवलेलं सोन्याचं नक्षीदार पान बदलल्याचा आळ एका गिऱ्हाइकाने घेतल्यापासून, साज खोलण्याआधी पानापानाचा फोटो काढून ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं.

खिशातल्या अंगठीचा फोटो काढायचा, भिंग लावून स्क्रीन तपासायची आणि मान हलवायची, असं त्यांचं चाललं होतं.

"सोनं कसं झळाळतंय बघा की, पावणं," दुकानदार म्हणाला.

"झळाळून काय करू? आलं तवा हुतं तसं दिसाय पायजे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आजी, तुमचा साज जरा देता?"

मी गळ्यातून काढून दिला. चौथ्या कॅमेऱ्यात एका पानावरची पुसट झालेली मासोळी स्पष्ट दिसली. मी ओशाळले.

"फारच झिजलंय हो."

"झिजू दे की. अशी झीज दुसऱ्या कुणाच्या साजाला न्हाय. तुमचं पान ह्याच्यावरनंच वळखायचं."

त्यांनी तोच कॅमेरा घेतला. माझ्या साजाच्या त्या फोटोची प्रत सोबत पाठवते आहे. तुमच्या फोनची वाट बघताना माझी बोटं त्याच मासोळीवर फिरत असतात, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.