सेटलमेंटचा शेरा

बँकेच्या मॅनेजरने मला फसवले आणि माझ्यापायी सुभेदार अडकले. हे मी मॅनेजरच्या तोंडावर बोललो आहे. आता लिहूनही ठेवतो.

नव्वदच्या दशकात मलकापुरात माझा बोअर मारायचा धंदा होता. मशीन कर्जाचे. म्हसवडकडे काम चालू असताना कॉम्प्रेसर बसला, मशीन उभे राहिले, हप्ते थांबले. खाते थकीत झाले. मेढ्याचे सुभेदार, फौजेतून रिटायर झालेले, माझे जामीनदार होते. जामीनदार म्हणजे मी नाही भरले तर ज्याच्याकडून बँक वसूल करते तो.

मशीन पुन्हा चालू झाल्यावर मी पैसे जमवून बँकेत गेलो. मुद्दल रोख देतो, व्याज निम्मे सोडा, म्हणालो.

"थोडी मुदत घ्या, पण पूर्ण भरा की," मॅनेजर म्हणाले.

"पूर्ण पाहिजे तर कोर्टात जावा. तिथं मिळंल तवा मिळंल."

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्यांनी वरून मंजुरी आणली. याला सेटलमेंट म्हणतात. बँक काही रक्कम सोडते आणि खाते बंद करते. त्यांनी चहा पाजला. "सुटलात आता," म्हणाले. मी कुस्ती मारल्यासारखा घरी आलो.

पुढे सुभेदारांनी पिठाच्या गिरणीसाठी त्याच बँकेत अर्ज केला. शेड उभी होती, चक्कीचा इसार सांगलीला देऊन झाला होता. अर्ज नामंजूर. ते जामीन असलेल्या माझ्या खात्यात बँकेने सूट दिली होती, तो शेरा आड आला. तेव्हा आजच्यासारखा कर्जफेडीचा स्कोअर नव्हता, बँका एकमेकींकडे चौकशी करत. त्यांनी दुसऱ्या बँकेत अर्ज केला, तर तिने या बँकेला विचारले आणि हात वर केले.

मी सुभेदारांना घेऊन तडक मॅनेजरकडे गेलो. "सोडलेलं व्याज आत्ता घ्या. शेरा काढा."

"खातं बंद आहे. बंद खात्यात पैसे कसे घेऊ?"

"मग बंद करताना सांगायचं न्हाई व्हय?"

"तुम्ही विचारलंत कुठं? किती सोडता, एवढंच चाललं होतं तुमचं."

सुभेदार उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "सौदा लय चांगला केलास गड्या. त्यात माझं नाव एकदा तरी निघालं व्हतं का रं?"

इसार बुडाला. मी भरून देतो म्हणालो, त्यांनी घेतला नाही. शेडमध्ये आता कडबा असतो.

थकलेले कर्ज पूर्ण फेडणे वेगळे आणि सूट घेऊन फेडणे वेगळे. पैसे दोन्हीकडे मिटतात, शेरा एकीकडेच राहतो, आणि तो जामीनदारालाही चिकटतो. सूट मागण्याआधी हे विचारा.

मी विचारले नाही, खरे. पण माहीत असलेल्याने सांगायला नको? चहा पाजायला वेळ होता, एक वाक्य बोलायला नव्हता? ते मॅनेजर आज पेन्शन घेतात. त्यांनी एकदा मेढ्याला यावे, त्या शेडपुढे उभे राहावे आणि का नाही सांगितले, याचा जाब सुभेदारांना द्यावा.